रजेच्या काळातील पत्ता

इंटर्नशिपच्या चौथ्या दिवशी हेन्ड्रिक फान डाइक यांचा उजवा गुडघा मला मिळाला. सकाळी जागेवर बसले तेव्हा माझे दोन्ही गुडघे माझेच होते. अकरा वाजता पाणी प्यायला उठले आणि उजवा बदललेला होता. छप्पन्न वर्षांचा, जड, जिना उतरताना आतून कुरकुर करणारा. माझा तेवीस वर्षांचा गुडघा कुठे गेला हे विचारायला मी टिल्लू मॅडमकडे गेले. मधुरा टिल्लू म्हणजे कंपनीने नेमून दिलेल्या माझ्या मेंटॉर. त्यांनी हॅन्डओव्हरचा तक्ता स्क्रीनवर उघडला आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे बघ. गुडघा, उजवा. तू टिक केलंयस."

"मी सगळ्यालाच टिक केलं. तुम्हीच म्हणालात, सगळ्याला टिक कर."

"बरोबर. मग?"

त्यांना खरंच कळत नव्हतं मी काय विचारतेय. मी लंगडत जागेवर परत आले.

आमच्या एमबीएचं नाव इंटरनॅशनल मॅनेजमेंट. माहितीपत्रकावर पृथ्वीचा गोल आणि त्यावर बॅग ओढत निघालेली एक मुलगी. ती मुलगी आमच्यापैकी कुणीच कधी पाहिली नाही. पहिल्या वर्षी आम्हाला जपानी माणसाचं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घ्यायला शिकवलं, जर्मन शिकवलं, सूप पिताना आवाज करायचा नाही हे शिकवलं. मग प्लेसमेंट सेलच्या काळसेकर सरांनी जाहीर केलं की यंदा सगळ्यांना आंतरराष्ट्रीय इंटर्नशिप मिळणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. जागा निघाली बाणेरला, एका इमारतीचा चौथा मजला. तिकडे युरोपात लोक उन्हाळ्यात लांब रजेवर जातात. त्यांची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून इकडे कुणीतरी बसायचं. ते कुणीतरी म्हणजे आम्ही.

मला रॉटरडॅमच्या एका फळांच्या कंपनीतले हेन्ड्रिक मिळाले. इक्वेडोरहून येणाऱ्या केळ्यांच्या कंटेनरचं तापमान ते बघायचे. तेरा अंशांच्या वर गेलं की एक मेल, खाली गेलं की दुसरा. मी सावद्याची. आमच्याकडे लहान पोरसुद्धा घडाकडे बघून सांगतं की माल किती दिवसांत पिकेल. पण बायोडेटात ते लिहायला जागा नव्हती, आणि मी दोन वर्षं शिकून केळ्यांपाशीच आले होते, फक्त आता ती दिसत नव्हती. हसू आलं मला पहिल्या दिवशी. नंतर नाही आलं.

पहिल्याच दिवशी माझ्या हातून जी चूक झाली, ती आमच्या बॅचचाच कुणी करू शकला असता. हेन्ड्रिक यांनी रजेचा अर्ज भरून पाठवला होता आणि तो मला पोर्टलवर चढवायचा होता. सगळं भरलेलं होतं, फक्त 'रजेच्या काळातील पत्ता' हा रकाना कोरा. काळसेकर सर कोऱ्या रकान्याला दोन गुण कापायचे. दोन वर्षं आम्ही त्या धाकात काढली. वडिलांचा व्यवसाय विचारला आणि वडील नसले तरी काहीतरी लिहायचं, छंद नसला तरी वाचन लिहायचं. आमच्या बॅचला कोरा रकाना दिसला की हात शिवशिवतात. मी विचारसुद्धा केला नाही. शेकडो फॉर्मवर लिहून बोटांना पाठ झालेला पत्ता टाइप करून टाकला: हर्षला बोरोले, राममंदिराच्या मागे, सावदा, जिल्हा जळगाव. पोर्टलने हिरवी खूण दाखवली.

गुडघ्यानंतर आठवड्याने आईचा फोन आला. बाबा गेल्यापासून आई सावद्याला एकटीच असते. रोज दुपारी दोन वाजता ती फोन करायची आणि जेवली का विचारायची. त्या दिवशी तिने ते विचारलं नाही.

"हर्षला, अवं तुझ्या कंपनीचे साहेब आले ना घरी."

"कोण साहेब?"

"उंच आहेत. गोरे. बॅग घेऊन दारात उभे होते. मोबाइलमधी आपला पत्ता दाखवला, तुझ्या नावासकट."

"मग?"

"मग काय? इतक्या लांबून आलेलं माणूस. पाणी दिलं. आता जेवू राहिले. भरीत लई आवडलं म्हणे. तुझ्या खोलीत गादी टाकते त्यांना."

मी टिल्लू मॅडमना सांगितलं की हेन्ड्रिक माझ्या घरी गेलेत. त्यांनी पोर्टल पाहून खात्री केली. पत्ता बरोबर होता आणि माणूस त्या पत्त्यावर पोचला होता, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पत्ता बदलायचा असेल तर अर्ज रजेवर गेलेल्या माणसानेच करायचा, असा नियम त्यांनी मला वाचून दाखवला. मी स्वतःची समजूत घातली. सहा आठवड्यांचा प्रश्न. एकतीस ऑगस्टला तो जाईल, माझं प्रमाणपत्र मिळेल, मी घरी जाईन. दीड वर्ष घरी गेले नव्हते. दिवाळीत जर्मनची परीक्षा होती, उन्हाळ्यात प्रोजेक्ट होतं, आणि मधल्या प्रत्येक सुट्टीत काळसेकर सरांनी एखादं शिबिर ठेवलं होतं.

तक्त्यात एक्केचाळीस ओळी होत्या आणि त्या क्रमाने येत गेल्या. त्यांची चष्म्याची सवय आली. वांग्याचा तिटकारा आला. सकाळी दहा वाजता माझ्या टेबलावर रॉटरडॅमचं साडेसहाचं ऊन पडायचं, शेजारच्या टेबलावर बाणेरचं. मरेइका नावाची त्यांची बायको दर गुरुवारी व्हिडिओवर यायची. तिच्यामागे हिरव्या भिंतीचं स्वयंपाकघर दिसायचं. माझा चेहरा समोर दिसत असताना ती मला हेन्ड्रिक म्हणायची आणि छताची पन्हळ कधी दुरुस्त करणार हे विचारायची. मी म्हणायचे, बघतो. तिचा माझ्यावर विश्वास नव्हता. बावीस वर्षांत मी एकही गोष्ट वेळेवर केली नाही, असं ती म्हणाली, आणि मला ते लागलं, कारण ते खरं होतं.

एकोणतिसावी ओळ सगळ्यांत वाईट निघाली. मार्चमध्ये हेन्ड्रिक यांची आई वारली होती आणि ते रडले नव्हते, कारण तिमाही संपत होती. ते रडणं मंगळवारी माझ्याकडे आलं. योहाना नावाची, कोपर फाटलेले स्वेटर तसल्याच रंगाच्या लोकरीने रफू करणारी बाई, जिला मी कधी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी मी टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडले. एक डोळा स्क्रीनवर ठेवावा लागत होता, कंटेनर साडेतेरावर गेला होता. टिल्लू मॅडमनी टिश्यूचा डबा आणून ठेवला.

"एकोणतीस ना? दोन दिवसांत उरकतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

दोन दिवसांत उरकलं. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिकडे सावद्याला, आई गेल्याचं दुःख उतरवून ठेवलेला एक हलका माणूस माझ्या आईच्या हातचं जेवतोय.

माझ्याकडून काय गेलं त्याची यादी मला कुणीच दिली नाही. ते मी स्वतः शोधत गेले. आधी भूक गेली. मग मांडी घालून बसणं गेलं. एकदा दुपारी घराची आठवण काढायला बसले आणि डोळे मिटल्यावर आमच्या चुलीवर भाजलेल्या मिरचीचा ठसका यायच्या ऐवजी ओल्या लोकरीचा आणि उकडलेल्या बटाट्याचा वास आला. मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा बटाटा. मी घाईघाईने आईला फोन लावला आणि तो त्याने उचलला.

"आई शेजारी पोळ्या लाटायला गेली आहे. काही निरोप?"

"तुम्ही मराठी कधी शिकलात?"

"शिकलो नाही. आलं," हेन्ड्रिक म्हणाला. "तुझे इंग्रजी मेल छान असतात, हर्षला. मी वाचतो कधी कधी."

"आईला सांगा मी फोन केला होता."

"सांगतो. पण ती विचारेल, कोण?"

तो चिडवत नव्हता. अडचण सांगत होता. मी फोन ठेवला आणि चौथ्या मजल्याच्या बाथरूममध्ये जाऊन बेसिनला धरून उभी राहिले. सलोनी खोब्रागडे तिथे होती, माझ्याच वर्गातली. तिला मिलानच्या एका बाईंची खुर्ची मिळाली होती आणि आठव्या ओळीत सातवा महिना. ती पोटावर हात ठेवून आरशात बघत होती.

"काळसेकर सरांना सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं. ते म्हणाले, लॉगबुकात अतिरिक्त जबाबदारी म्हणून दाखव."

काळसेकर सर ऑगस्टच्या मध्यावर पाहणीला आले. कॉलेजचं बॅनर त्यांनी गुंडाळी करून काखेत आणलं होतं. आम्हाला त्याच्यामागे उभं करून फोटो काढले. मी लंगडत पुढे गेले तर त्यांनी माझ्या चालण्याकडे कौतुकाने पाहिलं.

"किती मॅच्युअर झालीस गं! वाटतच नाही विद्यार्थिनी आहेस."

"सर, माझी आई मला ओळखत नाही."

"असं होतं. मुलं बाहेर पडली की आईवडिलांना जड जातं."

"तसं नाही, सर. माझ्या जागी दुसरा माणूस आहे."

सरांनी लॉगबुक उघडलं आणि पेनाने एक चौकट दाखवली. "हे इथे लिही, आलेल्या अडचणी. दोनच ओळी. आणि खाली काय शिकलात आहे ना, ते कोरं ठेवू नकोस."

मी ते कोरं ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा. त्या चार बोटं रुंद कोऱ्या जागेने मला जे समाधान दिलं ते दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाने दिलं नव्हतं. सरांनी तिथल्या तिथे दोन गुण कापले.

त्याच आठवड्यात आईने चुकून मला एक फोटो पाठवला. ग्रुपवर टाकायचा असावा. आमची पुढची खोली होती आणि हेन्ड्रिक सोफ्यावर बाबांची उशी घेऊन पडला होता. त्याच्या डोक्यावर, भिंतीला, माझा सातवीच्या स्कॉलरशिपचा फोटो असतो. मी मोठा करून पाहिला. त्यात दोन वेण्या घातलेला, गळ्यात पदक अडकवलेला, टक्कल पडत चाललेला हेन्ड्रिक उभा होता. रिबिनी लालच होत्या. तोंडावरचा फुगवटा माझा होता, त्या दिवशी बुटांत खडा गेला होता म्हणून.

अठ्ठावीस ऑगस्टला पोर्टलवर रजावाढीचा अर्ज आला. पुढची मुदत त्याने लिहिली नव्हती. त्या रकान्यात एक आडवी रेघ होती. टिल्लू मॅडमनी त्याची इंग्रजी प्रत काढून माझ्यापुढे ठेवली.

"तुझी संमती लागते. हरकत नाही किंवा हरकत आहे, एकावर खूण करायची आणि खाली सही. शाईची. त्याच्या समोर."

"मी हरकत आहे म्हटलं तर?"

"तर तो दोन दिवसांत परत. सगळं ज्याचं त्याला. तक्त्यातलं एकूणएक."

"गुडघा?"

"गुडघा, आई, सगळं."

"आणि मी सहीच केली नाही तर?"

"तर आहे ते तसंच कायम होतं. मुदत एकतीस तारखेपर्यंत." मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू? कायम झालीस तर नोकरी पक्की. तुझ्या बॅचमध्ये अजून एकालाही पत्र मिळालेलं नाही. मीसुद्धा अशीच लागले. मी मूळची कोण होते, विचारू नकोस, मला सांगता येणार नाही."

त्यांच्या टेबलावर बाणेरचं ऊन नव्हतं, रॉटरडॅमचंही नव्हतं. कुठलं होतं ते मला ओळखता आलं नाही. मी कागद पिशवीत घातला आणि तिकीट काढलं. नोकरी गेली खड्ड्यात. मला माझी आई हवी होती.

भुसावळला उतरून एसटीने सावद्याला पोचले तेव्हा साडेअकरा झाले होते. स्टँडपासून घर सात मिनिटांवर, मला वीस लागली. वाटेत केळीचे ट्रक भरत होते. घडाकडे पाहून किती दिवसांत पिकेल ते मला सांगता आलं नाही. फक्त आतलं तापमान जास्त झालंय एवढं कळलं.

दार आईनेच उघडलं. बारीक झाली असेल असं वाटलं होतं, पण ती भरली होती. गालांवर तजेला होता. डोक्याला तेल, नवी साडी. बाबा गेल्यापासून तिला अशी मी पाहिली नव्हती. तिने माझ्या चेहऱ्याकडे सरळ पाहिलं, मग पायाकडे.

"कंपनीतून आल्या का? या ना, मॅडम. पाय दुखतो वाटतं तुमचा. खुर्ची देते."

मी खुर्चीवर बसले. आमच्याच घरात खुर्चीवर बसून स्वयंपाकघरात बघत राहिले. हेन्ड्रिक ओट्याखाली जमिनीवर उकिडवा बसून लसूण सोलत होता, सहज, माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकवून. मला बघून तो उठला.

"ये, हर्षला."

"मॅडमला नावानं काय हाक मारू राहिला तू?" आई त्याला रागावली. मग मला म्हणाली, "लहानपणापासून असाच आहे. कोणाला काय बोलावं समजत नाही."

मी कागद काढला. हेन्ड्रिकने वाचला नाही, त्याला माहीत होता. त्याने माझ्याकडचं पेन घेतलं, लसणाचा हात पँटला पुसला आणि आपल्या बाजूची सही करून टाकली. "आता सगळं तुझ्या खुणेवर आहे," तो म्हणाला. "म्हणशील तर आजच बॅग भरतो. मरेइकाची पन्हळ पण राहिलीये."

त्याचा मला राग आला नाही, आणि राग आला नाही याचाच भयंकर राग आला. वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. मी पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला. 'हरकत आहे'च्या चौकटीवर टोक टेकवलं तेव्हा आईने माझं मनगट धरलं. तिचा हात पिठाचा होता, गरम.

"मॅडम, त्याला न्यायला आल्या ना तुम्ही?"

मी मान हलवली.

"नका नेऊ. हात जोडते. हा शिकायला गेला तर दीड वर्ष तोंड दाखवलं नाही यानं. दिवाळीला मी दोन ताटं वाढली आणि दोन्ही मीच उचलली. रोज दोन वाजता फोन करायची मी, तर जेवला का म्हटलं की हो म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. एकदा पण विचारलं नाही मला, तू जेवली का." तिने डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. "मी रागावली नाही. पण घर खायला उठायचं मला. आता कुठं आलाय. मांडीला मांडी लावून जेवतो. बाजारातून भाजी आणतो. तुम्हाला काय, तुम्हाला दुसरा कोणी पण भेटेल. मला एकच लेकरू आहे."

"आई," मी म्हणाले.

"हो ना, तुम्हाला पण आई असेल," ती म्हणाली. "तिला विचारा."

हेन्ड्रिक खाली मान घालून उभा होता. तिची चूक मला सुधारता आली असती. दीड वर्ष आला नाही तो हा नव्हे, ती मी, हे एका वाक्यात सांगता आलं असतं. मी तोंड उघडलं, पण मग दोन ताटांचं काय सांगायचं ते मला सुचेना. मी पुन्हा पेन टेकवलं. मांडीवर कागद पोकळ पडला आणि टोक आरपार गेलं. त्या चौकटीच्या मधोमध भोक पडलं.

"थांबा, असं नाही होणार," आई म्हणाली.

ती आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पोळपाट होता. तिने पदराने त्यावरचं पीठ पुसलं, माझा कागद त्यावर ठेवून तळहाताने सपाट केला, आणि मला वाकावं लागू नये म्हणून दोन्ही हातांनी पोळपाट माझ्या छातीशी धरून समोर उभी राहिली. तिला इंग्रजी येत नाही. दोन चौकटींपैकी कुठली कसली हे तिला माहीत नव्हतं.

"करा," ती म्हणाली. "मी हलू देत नाही."